चौथं फडकं

आमच्या घरात कुणाला थाई खायची हुक्की आली की आधी काजळ्या भावजींना विचारायचं, असा शिरस्ता होता. काजळ्या हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. माझा नवरा जाऊन वर्षं झाली; त्याच्या पाठचा हा भाऊ. पण सत्तावीस वर्षं हॉटेलांच्या धुराच्या नळ्या साफ केल्यावर माणसाच्या नखांत जे बसायचं ते बसतंच. कितीही घासा, कानामागे एक काळी रेघ राहायचीच. मीच एकदा वैतागून ओरडले होते, "या काजळ्याला कुणीतरी वेगळा टॉवेल द्या रे!" आणि ते नाव चिकटलं. त्यांनाही आवडलं असावं, कारण फोनवर ते स्वतःच म्हणायचे, "हां, काजळ्या बोलतोय."

त्यांचं काम आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. हॉटेलच्या स्वयंपाकघरात शेगड्यांच्या डोक्यावर पत्र्याचं मोठं छत्र असतं, धूर ओढणारं. त्यातून एक चौकोनी नळी निघते आणि छताच्या आडून वळणं घेत घेत भिंतीबाहेर जाते. तेलाची वाफ त्या नळीत आतून बसते. रोज थोडी, रोज थोडी. वर्षभरात तिचं डांबर होतं. खाली कढईतली ज्वाळा जरा उंच उडाली आणि त्या डांबराला भेटली, की संपलं. म्हणून उजाडता उजाडता, शेगड्या पेटायच्या आत, भावजी शिडी लावून त्या नळीत अर्धं अंग घालायचे आणि खुरप्याने तो थर खरवडून काढायचे. काम झालं की स्वयंपाकघराच्या दारावर हिरवी चिठ्ठी डकवायची: 'सफाई पूर्ण', खाली तारीख, खाली त्यांची सही. सही मोठी झोकदार, शेवटी शेपूट. इतकी ऐट आमच्या घरात दुसऱ्या कुणाच्या सहीला नाही.

आणि खायचा सोस तर असा की विचारू नका. त्यातही थाई. कंपनीच्या साहेबांना त्यांनी सांगूनच ठेवलं होतं, "थाई हॉटेलं माझ्याकडे, बाकीची वाटा कुणालाही." या एवढ्या मोठ्या शहरात थाई पाट्या गल्लोगल्ली लागल्यात. पाटीवर हत्ती काढला की झालं थाई! माझी नात फोन काढून तारे मोजायची. "धाकटे आजोबा, याला साडेचार तारे आहेत."

"तारे आभाळात मोज," भावजी म्हणायचे. "त्याच्या नळीत मी हात घातलाय. जुनं तेल. पिवळं, गोंदासारखं, खवट. तिथे गेलीस तर घरी पाय ठेवू नकोस."

"मग चांगलं कसं ओळखायचं?"

"चांगल्याची काजळी कोरडी असते. खरवडली की मिरचीने ठसका लागतो, आणि पाठोपाठ त्यांच्या त्या तुळशीचा वास येतो. आणि सकाळी मागच्या दारात उभं राहायचं. बत्त्याचा आवाज आला तर आत जायचं. नाही आला तर समजायचं, मसाला डब्यातून येतो."

तर अशी त्यांची पारख. ताटावरून कुणीही सांगेल. हे छतातून सांगायचे. आणि कधी चुकले नाहीत. त्यांनी सांगितलेल्या हॉटेलात आम्ही डोळे मिटून जात होतो. हे वाक्य मी दोनदा खोडून परत लिहिलंय.

भीती त्यांना तेव्हाही होती, पण ती कामाच्या डब्यात बंद असायची. एकदाच त्यांनी तिचं झाकण उघडलं. ज्या म्हाताऱ्या कारागिराकडे ते काम शिकले त्याचे दोन्ही तळहात भाजून आखडले होते. ते कसं झालं असं मी विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, नळी पेटली ना, की बाहेर काहीच दिसत नाही. आधी ती घोंघावते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखी. खाली लोक सूप पीत असतात. कुणी म्हणतं, पंखा जोरात चाललाय वाटतं. आणि तोवर ती वरच्या मजल्यावर पोचलेली असते." मग उठून गेले. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

त्या भीतीपोटीच त्यांचे नियम होते. नळीला जिथे जिथे वळण, तिथे एक झाकण असतं, हात घालायला. बहुतेक हॉटेलांत चार. गेल्यावर पहिलं काम म्हणजे चारही झाकणांवरच्या मागच्या खेपेच्या खडूच्या खुणा पुसायच्या. मग एकेक झाकण उघडायचं, खरवडायचं, शेवटी कोऱ्या फडक्याने आतून पुसायचं, बंद करायचं, वर नवी खूण करायची. एका झाकणाला एक फडकं. काळं झालेलं तिथेच टाकून यायचं. आणि जेवण? जेवण सगळ्यांत शेवटी. "आधी खाल्लं की हात लाडावतो," म्हणायचे.

फडकी माझ्याकडे. जुन्या चादरी फाडून मी चारचाराच्या जुड्या बांधायचे आणि त्यांच्या पिशवीत घालून ठेवायचे. मला म्हणायचे, "वहिनी, तुम्ही माझ्या कंपनीच्या भागीदार." मी म्हणायचे, "मग चिठ्ठीवर माझी पण सही घ्या." चेष्टाच ती.

आता तो रविवार.

नातीला पहिली नोकरी लागून महिना झाला होता आणि ती सगळ्यांना जेवायला नेणार होती. आईबाप, ऑफिसातल्या मैत्रिणी, भावजी आणि मी. मिळून चौदा माणसं. कुठलं हॉटेल, ते अर्थात भावजींनीच ठरवलं: बत्तेवालीचं. ही बाई स्वतः थाई. पन्नाशीची, मनगटं पैलवानासारखी. तिच्याकडे मसाला कुटायला यंत्र नव्हतं. दगडी खलात ती स्वतः कुटायची, म्हणून भावजींनी तिला ते नाव दिलेलं. त्यांच्या मते शहरात तिच्या तोडीची हिरवी करी कुणी करत नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वीच ते तिची नळी साफ करून आले होते. आल्या दिवशी त्यांची पाठ धरली होती, आणि तेव्हापासून ते कामावर गेलेच नव्हते. गरम पाण्याची पिशवी आणि मी केलेला शेक, यातच आठवडे गेले. सोमवारपासून पुन्हा जायचं होतं.

पोरं अकरा वाजताच पुढे गेली, शहर फिरून मग हॉटेलात शिरणार म्हणून. आम्ही दोघं मागून बसने एक वाजेपर्यंत पोचणार होतो. भावजी दाढी करत होते. माझ्या हाताला रिकामं बसवत नाही. म्हटलं, सोमवारची फडकी भरून ठेवू. पिशवी ओतली. खुरपी, हातमोजे, खडूचा तुकडा. आणि तळाशी एक फडकं. पांढरं. माझ्याच निळ्या किनारीच्या चादरीचं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

पहिल्यांदा मनात आलं की आपणच चुकून पाच बांधली असतील. पण मी चुकत नाही. शाळेत मी फार गेले नाही, चारपर्यंत मात्र मला नीट मोजता येतं. मग असं मनात आलं, आणि हे सांगायची लाज वाटते, की ठेवून द्यावं परत तळाशी. चांगला दिवस आहे. पोरगी खुशीत आहे.

"भावजी," मी म्हटलं, "हे कोरं कसं?"

ते अर्ध्या गालाला साबण लावून वळले. हसतच वळले, काहीतरी थट्टा करणार होते. फडकं बघितलं आणि तोंड तसंच उघडं राहिलं. साबणाखालचा गाल कुठे संपतो आणि साबण कुठे सुरू होतो ते कळेना, इतका तो माणूस पांढरा पडला.

"बत्तेवालीकडची जुडी का ही?"

"त्यानंतर तुम्ही गेलात कुठे?"

ते स्टुलावर बसले. वस्तरा हातातच. "मी लवकर पोचलो होतो," ते हळूहळू म्हणाले, जसं कुणी चाचपडत जिना उतरावं. "तिने सूप केलं होतं. वाटी हातातच दिली. नको कसं म्हणायचं? प्यालो. मग खुणा पुसायला वर चढलो... पुसल्या का मी? दोन केली. दुसरं झाकण लावलं तोवर तिने हाक मारली, आंब्याच्या फोडी आणि नारळाच्या दुधातला भात. उतरलो. खाल्ला. परत चढलो, तिसऱ्या झाकणावर खूण होती. पांढरीस्वच्छ. म्हटलं, हे झालंय. चौथं कोरं होतं, तेवढं केलं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वहिनी, ती मागच्या खेपेची खूण होती."

"म्हणजे तिसरं..."

"दोन वर्षांचं आहे आत. मागच्या साली पाठीमुळे तिच्याकडे मी नव्हतो गेलो, साहेबांनी कुणालाच पाठवलं नव्हतं. दोन वर्षांचं, आणि वर माझी सही."

चपला कशा घातल्या आठवत नाही. त्यांनी एका गालाला साबण तसाच ठेवून पिशवी उचलली. मी नातीला फोन लावला. वाजत राहिला; पोरींचे फोन पर्सच्या तळाशी असतात आणि पर्सा खुर्चीच्या पाठीला. तिच्या आईला लावला, तिने उचलला नाही. हॉटेलला लावला तर तो सतत दुसऱ्याच कुणाशी बोलत होता. रविवार दुपार, टेबलं धरायला लोक फोन करत असणार. त्यातल्या प्रत्येकाला मी मनातल्या मनात म्हटलं, मेल्यांनो, घरी खिचडी खा आज.

बस मिळाली, पण बसला कुठे घाई असते? प्रत्येक थांब्यावर थांबून ती दम खात होती. भावजी उभेच होते, दांडा धरून. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "यांना बरं नाही का? गालाला काय लागलंय?" मी म्हटलं, "घाईत आहेत." ती म्हणाली, "पुरुषांना दाढीची कसली घाई!" एरवी मी तिच्याशी मस्त गप्पा मारल्या असत्या.

"फोन अग्निशमनवाल्यांना करू का?" मी हळूच विचारलं.

"काय सांगणार? आग लागली नाही, पण लागेल म्हणून?" मग थोड्या वेळाने, "करा. नाही, थांबा. रस्ता संपतच आलाय." मग परत, "वहिनी, तिच्या वरच्या मजल्यावर काय आहे माहितीय? चित्रकलेचा वर्ग. लहान पोरं. रविवारी असतो."

मी कुठल्याच देवाचं नाव घेतलं नाही. तेव्हा मला फक्त ते बाटलीवर फुंकर मारल्याचं आठवत होतं. बसचं इंजिनही तसंच घोंघावत होतं. चौकातल्या सिग्नलला गाड्यांची रांग लागली तेव्हा भावजी म्हणाले, "उतरा," आणि आम्ही उतरलो. तीन आठवडे ज्या माणसाला मी हाताला धरून उठवत होते, तो पिशवी छातीशी धरून पळत होता. माझ्या एका चपलेचा अंगठा तुटला. मी दोन्ही चपला हातात घेतल्या. लोक बघत होते. बघोत. पासष्टीचा साबण लावलेला माणूस आणि मागे अनवाणी म्हातारी. मी पण बघितलं असतं.

गल्लीच्या तोंडाशी ते थांबले आणि इमारतीच्या मागच्या भिंतीकडे वर बघितलं. तिथे नळीचं तोंड बाहेर येतं. धूर येत होता, पांढरा, पातळ, रोजचा. वरच्या मजल्याच्या खिडक्या उघड्या होत्या आणि आतून पोरांचा कलकलाट येत होता. मी सुटकेचा श्वास टाकला, तर भावजी म्हणाले, "यावरून काही कळत नाही," आणि मागच्या दाराने आत घुसले.

मी पुढून शिरले. खोली भरलेली. कोपऱ्यात आमची टेबलं जोडून लावलेली, आणि नात उठून उभी राहिली. "आजी! किती उशीर! आणि चपला हातात का?"

"सगळे उठा," मी म्हटलं. "बाहेर चला."

"अगं, सूप आत्ताच आलंय..."

"वाट्या घेऊन चला, पण चला!"

तिने मैत्रिणींकडे बघितलं. त्या नजरेत जे होतं ते मला दिसलं: आजीचं डोकं फिरलं, आणि तेही आजच. "आजी, प्लीज," ती दात आवळून म्हणाली. "बस ना. सगळे बघतायत." तेवढ्यात आतून काहीतरी धडाडून पडल्याचा आवाज आला आणि मी तिकडे धावले.

भावजींनी घाईत शिडी ओढली होती आणि ती भांड्यांच्या फळीवर गेली होती. समोर तीन शेगड्या ढणढणत होत्या. बत्तेवाली मधल्या शेगडीपाशी, कढई एका हाताने हलवत होती आणि कढईतून ज्वाळा तिच्या खांद्याइतकी वर येऊन परत खाली बसत होती. डोक्यावर पत्र्याचं छत्र. आणि त्याच्या वर कुठेतरी एक आवाज होता. घूंऽऽ असा. मी दारातच थांबले.

"तो पंखा आहे, वहिनी," भावजी माझ्याकडे न बघता म्हणाले. मला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे. मग तिला म्हणाले, "बाई, शेगड्या बंद करा."

"या, या! पाठ कशी आहे? बाहेर बसा, पाठवते..."

"बंद करा आधी. माझं एक झाकण राहिलंय."

तिचा हात थांबला नाही. "राहिलंय म्हणजे? तुम्ही तर सही करून गेलात. ती बघा दारावर."

"ती खोटी आहे."

"काय?"

"चुकून केली. पण खोटीच की. तिसरं वळण साफच केलं नाही मी. दोन वर्षांचा थर आहे तिथे. तुमच्या या ज्वाळेच्या बरोब्बर वर."

"अहो, बाहेर चाळीस माणसं बसलीत," ती म्हणाली. "दोन वर्षं काही झालं नाही, अजून दोन तास काय होणार आहे? चारला बंद करते, मग चढा निवांत."

आणि खरं सांगते, मला तिचं पटलं. दोन वर्षं झालं नाही ते आजच कसं होईल? माणूस असाच विचार करतो. मी भावजींकडे बघितलं. त्यांनी पिशवीतून ते कोरं फडकं काढलं आणि दोन्ही हातांवर धरून तिच्यासमोर केलं, जशी कुणी मेलेली चिमणी धरावी.

"हे तुमच्याकडे काळं व्हायला हवं होतं," ते म्हणाले. "मी तुमचं सूप पीत बसलो. माझी नोकरी जाऊ दे, तुम्ही मला काहीही बोला. पण बंद करा हो."

तिने फडक्याकडे बघितलं. मग वर. मग कढईतली भाजी, छान झाली होती, घमघमाट सुटला होता, तिने ती एका ताटात ओतली. आणि बटणं फिरवली. एक. दोन. तीन. पंखा बंद केला. मला वाटलं होतं घोंघावणं थांबेल.

ते अगदी लगेच थांबलं नाही. हळूहळू बारीक होत गेलं. भावजी शिडीवर चढून छताची फळी सरकवेपर्यंत चालू होतं. पंखा थांबायला वेळ लागतो म्हणे. असेल. मी आजवर भावजींना त्याबद्दल विचारलेलं नाही, आणि त्यांनी सांगितलेलं नाही.

तिसऱ्या झाकणाला हात लावला आणि त्यांनी तो झटक्यात मागे घेतला. हातमोजे घालून उघडलं. आतून तपकिरी चिकटा पाघळून फळीवर टपकायला लागला. त्यांनी खुरपं घातलं आणि ताटलीएवढा तुकडा बाहेर काढला, दोन बोटं जाड. मला दाखवला नाही, बत्तेवालीला दाखवला. कडेला हाताच्या पंजाएवढा भाग करपून राखाडी झाला होता, कोळशावर धरतात तशी पापडी.

"हे काय?" तिने विचारलं.

"एकदा धरलं होतं," ते म्हणाले. "आपोआप विझलं."

"कधी?"

"ते नाही सांगता येत. महिन्यापूर्वी. सकाळी. आत्ता."

बत्तेवाली बाकावर बसली. तिचे ते पैलवानी हात मांडीवर नुसते पडले होते. वरून पोरांचा आवाज आला, कुणीतरी काहीतरी सांडलं म्हणून बाई रागावत होत्या. ती वर छताकडे बघत राहिली. मग उठली, पदराला पुसावेत तसे हात ॲप्रनला पुसले आणि बाहेरच्या खोलीत गेली.

"शेगडी बंद आहे," तिने सगळ्यांना सांगितलं. "नळी साफ करायची राहून गेली. ज्यांना जायचं त्यांनी जा, सुपाचे पैसे नकोत. जे थांबतील त्यांनी बाहेर अंगणात बसा. न शिजवता जे करता येईल ते देते."

बरेच गेले. एक गृहस्थ मोठ्याने बोलले की फोनवर लिहीन, एकही तारा देणार नाही. आमची नात दारात उभी होती. तिने छताकडे बघितलं, मग खुर्च्या अंगणात नेणाऱ्या बत्तेवालीकडे, मग माझ्या अनवाणी पायांकडे. माझ्या हातातल्या चपला घेतल्या आणि खाली ठेवल्या. मग म्हणाली, "धाकटे आजोबा कुठेत?"

"वर. छतात."

तिचा चेहरा वाकडा झाला. लहानपणी पडल्यावर रडू यायच्या आधी व्हायचा तसा. पण ती रडली नाही, मैत्रिणींना म्हणाली, "लिंबं कोण कापणार?"

कच्ची पपई किसून, मिरची, लसूण, शेंगदाणे, चिंच, ताडाचा गूळ, माशाचं खारं पाणी, सगळं त्या दगडी खलात. त्याला आगीचं काही काम पडत नाही. बत्तेवाली कुटत होती आणि आम्ही बायका सोलत, कापत, वाटत होतो. मी शेंगदाणे निवडले. वर भावजी खरवडत होते, खाली बत्ता पडत होता; खर्र, धप्प, खर्र, धप्प. एखाद वेळी वरचा आवाज थांबायचा आणि आम्ही सगळ्या नकळत हात थांबवायचो. परत सुरू झाला की बत्ता पुन्हा पडायचा. अशी चाळीसातली बावीस माणसं जेवली. मला चवीचं काही सांगता येणार नाही. नात म्हणते फार सुरेख होतं.

भावजींनी खाल्लं नाही. खाली उतरले तेव्हा ते चौथं फडकं काळंकुळकुळीत झालं होतं. त्यांनी दारावरची हिरवी चिठ्ठी काढली, घडी घालून खिशात ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी सत्तावीस वर्षांचा मान ठेवला, म्हणजे ओरडले नाहीत, पण कामावरून काढलंच. बरोबर केलं, असं भावजीच म्हणाले.

मला वाटलं, संपलं. पण भीती डब्याबाहेर पडली होती. आठ दिवसांनी सकाळी बघते तर भावजी पुठ्ठ्यावर काहीतरी लिहितायत. अकरा थाई हॉटेलं. "या सगळ्यांवर माझी सही आहे," म्हणाले. "आणि यातल्या कुठे कुठे मला आधी वाटी मिळाली, ते मला आठवत नाहीये, वहिनी."

मग आम्ही निघालो. रोज एक. ते मालकाला सांगायचे: मी अमुक, माझ्या हातून एका ठिकाणी चूक झाली, तुमचीही बघू द्या. मी सोबत. म्हातारी बाई बघून लोक जरा मऊ बोलतात. सात जणांनी झाकणं उघडू दिली. सातही स्वच्छ निघाली, आणि प्रत्येक वेळी ते शिडीवरून उतरले की दोन मिनिटं बाकावर बसून राहायचे. उरलेल्या चौघांपैकी एकाने नंतर फोन करून बोलावलं, तीही नळी स्वच्छ निघाली. तिघांनी हाकललं. त्यातला एक तर म्हणाला, "आमच्याकडे साडेचार तारे आहेत." आम्ही त्या तिघांची नावं अग्निशमनच्या ऑफिसात जाऊन लिहून दिली. पुढे काय झालं ते कुणी कळवलं नाही.

तो पुठ्ठा आमच्या कपाटाच्या दाराला आतून लावलाय. आठ नावं आणि वर बत्तेवाली. नातीच्या मैत्रिणी विचारतात, "आजी, चांगलं थाई कुठे मिळतं?" मी तोच वाचून दाखवते. खालच्या तिघांवर काट आहे. कुठे लांबवर बंबाची घंटा वाजली की भावजी घास ताटात ठेवतात आणि आवाज कुठल्या दिशेला जातो ते ऐकत राहतात. मला आता न विचारता कळतं की ते त्या तिघांचे रस्ते मोजतायत. मीही मोजते.

बत्तेवालीने मात्र कंपनीचा माणूस नको म्हणून सांगितलं. वर्षातून दोनदा ती भावजींनाच बोलावते. सकाळी सहाला आम्ही दोघं जातो. ती आधी काही खायला देत नाही, पाणीसुद्धा नाही. मागच्या दारात मसाला कुटत बसते. फडकी आता पिशवीत नसतात, माझ्या हातात असतात. मी शिडीच्या पायाशी उभी राहते. वरून काळं फडकं माझ्या पायाशी पडलं की मग मी पांढरं वर देते. दुसरं पडतं, तोवर बरं असतं. मग तिसऱ्या झाकणाचा आवाज होतो आणि बत्तेवालीचा बत्ता थांबतो. मी वर बघत राहते. त्यांचे नुसते पाय दिसतात. चौथं फडकं मी हातात धरून ठेवते, ते तिसरं खाली पडेपर्यंत.